ओवरीचा जीर्णोद्धार : बँकॉकच्या बुद्धमंदिराची हकीकत



जीर्णोद्धाराची स्मरणिका म्हटली की तीत देवस्थानची माहिती, कामाचा जमाखर्च आणि देणगीदारांची यादी ही असावयाचीच. ती या अंकात योग्य जागी आलेली आहे. प्रस्तुत लेखात मात्र मी आपणांस आपल्या देशाबाहेर, थायलंडच्या राजधानीत, बँकॉक येथे नेणार आहे. तेथील एका बुद्धमंदिराभोवती छप्पर घातलेली एक ओवरी आहे. ओवरी बुद्धमंदिराची, पण तिच्या भिंतींवर आरंभापासून अखेरपर्यंत रामायण रंगविलेले आहे, आणि ही ओवरी दोनशेहून अधिक वर्षे पुनःपुन्हा दुरुस्त होत आलेली आहे. देऊळ नव्याने उभे करणाऱ्या गावाला या हकीकतीतून घेण्यासारखे पुष्कळ आहे, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आधी ओवरीविषयी दोन शब्द. गाभारा देवाचा, सभामंडप कीर्तनाचा, पण ओवरी सर्वांची. पायी आलेला वारकरी ओवरीत पथारी पसरतो, सप्ताहाची पंगत पाऊस आला तर ओवरीत बसते, म्हातारी माणसे दुपारी ओवरीतच विसावतात. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या आवारात ज्यांनी पाऊल ठेवले आहे त्यांना चारी बाजूंच्या ओवऱ्यांनी देवळाला कशी शोभा येते हे सांगावयास नको. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला खांबांची ओळ, वर उतरते छप्पर आणि मधून चालण्याची वाट, अशी ही रचना. बँकॉकची ओवरी अशाच घाटाची आहे. थाई भाषेत तिला ‘फ्रा रबियांग’ म्हणतात.

जळालेल्या राजधानीतून नवी राजधानी

थायलंडला पूर्वी सयाम म्हणत. त्याची जुनी राजधानी अयुथ्या. हे नाव म्हणजे आपली अयोध्याच होय. चारशे वर्षांहून अधिक काळ भरभराटीत असलेली ही नगरी इ. स. १७६७ मध्ये ब्रह्मी फौजांनी जिंकली व जाळली. देवळे पडली, ग्रंथ नष्ट झाले, माणसे देशोधडीला लागली. ताकसिन नावाच्या सेनानीने विखुरलेले लोक एकत्र करून नदीकाठी थोनबुरी येथे राज्य सावरले. त्याच्यानंतर १७८२ मध्ये चक्री घराण्याचा पहिला राजा गादीवर आला. त्याने नदीच्या पलीकडच्या तीरावर नवी राजधानी वसविली. तेच आजचे बँकॉक. थाई लोक त्याला ‘क्रुंग थेप महानखोन’ म्हणतात, म्हणजे देवांचे महानगर.

या पहिल्या राजाला पुढे इतिहासात ‘पहिला राम’ असे म्हणू लागले. त्या घराण्यातील प्रत्येक राजाला रामाच्या नावानेच क्रमांक मिळतो. १९४६ पासून २०१६ पर्यंत सत्तर वर्षे राज्य केलेले राजे भूमिबोल हे नववे राम, आणि त्यांच्यामागून गादीवर आलेले त्यांचे पुत्र हे दहावे.

नवी राजधानी बांधण्यासाठी जुन्या अयुथ्येतील पडक्या बांधकामांच्या विटा नावांत भरून नदीतून खाली आणल्या गेल्या व त्यांतून तट आणि राजवाडा उभा राहिला. हा काळ आपल्याकडे पुण्यश्लोक अहिल्याबाईंचा. १७८० च्या सुमारास त्यांनी काशीविश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी तिकडे एक राजा जळालेल्या नगरीच्या विटांतून आपली देवळे उभी करू लागला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण पडलेले पुन्हा उभे केले पाहिजे हा विचार दोघांचाही.

पाचूचा बुद्ध

राजवाड्याच्या आवारातच राजाने एक मंदिर बांधले. त्याचे पूर्ण नाव ‘वात फ्रा श्री रत्न सात्सदाराम’. रत्न, शास्ता (म्हणजे बुद्ध) आणि आराम हे शब्द त्यात आपल्या सहज ओळखीचे आहेत. लोक मात्र त्याला थोडक्यात ‘वात फ्रा काएव’ म्हणतात. राजवाड्याचे देवघर असल्यामुळे येथे भिक्षू राहत नाहीत.

मूर्ती पाचूची म्हणतात, परंतु ती हिरव्या जेडसारख्या दगडाची आहे. उंची अवघी ६६ सेंटिमीटर, म्हणजे दोन फुटांहून थोडी अधिक. एवढीशी मूर्ती, पण तिचा प्रवास मोठा. थायलंडच्या उत्तरेस चियांग राय येथे १४३४ मध्ये ती चुन्याच्या लेपाखाली सापडल्याची कथा आहे. तेथून लाम्पांग, चियांग माय, पुढे लाओस देशात लुआंग प्रबांग व व्हिएन्तियान अशी ती फिरत राहिली. १७७९ मध्ये व्हिएन्तियानच्या मोहिमेत ती थोनबुरीस आणली गेली व १७८४ च्या मार्चमध्ये नव्या मंदिरात तिची स्थापना झाली.

या मूर्तीला वर्षातून तीन वेळा पोशाख बदलतात : उन्हाळ्याचा, पावसाळ्याचा आणि हिवाळ्याचा. हे काम राजाने स्वतः करावयाचे, अशी प्रथा आहे. ऋतूप्रमाणे देवाला वस्त्रे नेसविण्याची चाल आपल्या माय-माउल्यांना नवी नाही.

बुद्धाच्या दारी रामकथा

आता मुख्य विषयाकडे वळू. मंदिराच्या आवाराला वेढून ही ओवरी बांधलेली आहे. बाहेरच्या अंगाला सलग भिंत, आतल्या अंगाला खांब. भिंतीवर एकूण १७८ खण चित्रांनी भरलेले आहेत. उत्तरेच्या दाराजवळ जनकराजाला शेत नांगरताना सीता सापडते, तेथून कथा सुरू होते. बघणाऱ्याने देवाला उजवी घालीत चालावयाचे आणि चालता चालता कथा वाचावयाची. फेरी पूर्ण झाली की रामकथा पूर्ण. प्रदक्षिणा आणि पारायण एकाच वेळी घडते, अशी ही योजना आहे.

बुद्धाच्या मंदिरात राम कसा, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर असे की, त्या देशांत रामकथा फार जुन्या काळी पोहोचली आणि तेथील लोकांनी ती आपलीच करून घेतली. बौद्धांच्या जातककथांतही ‘दशरथ जातक’ आहे, आणि त्यात राम म्हणजे बुद्धाचाच एक पूर्वजन्म असे सांगितले आहे. शिवाय रामाचे राज्य म्हणजे धर्माचे राज्य, ही समजूत तेथील राजांनी आदर्श म्हणून पुढे ठेवली.

थाई रामायणाला ‘रामकियन’ म्हणतात. हा शब्द ‘रामकीर्ती’ पासून आलेला आहे. अयुथ्या जळाली तेव्हा जुन्या रामकथेचे पुष्कळसे लेखन त्याबरोबर गेले. पहिल्या रामराजाने १७९७ मध्ये कवींना हाताशी घेऊन सबंध कथा पुन्हा लिहवून घेतली. ओवरीच्या भिंतींवर जी चित्रे आहेत ती या रामकियनची.

त्यातील नावे ऐकली की गंमत वाटते. सीता ती ‘सीदा’, लक्ष्मण तो ‘लाक’, सुग्रीव ‘सुक्रीप’, वाली ‘फाली’, बिभीषण ‘फिफेक’ आणि रावण तो ‘थोत्सकान’, म्हणजे दशकंठ. थोत्सकान हिरव्या रंगाचा, आणि हनुमान पांढराशुभ्र. कथेतही फरक आहेत. तेथे सीता ही रावणाचीच कन्या. तिच्यामुळे कुळाचा नाश होईल असे भविष्य निघाल्यावरून तिला पाण्यात सोडून देतात व ती जनकाला मिळते. आपला मारुती बालब्रह्मचारी, तिकडचा हनुमान मात्र रावणाच्या मत्स्यकन्येशी लग्न लावतो व त्यांना ‘मच्छानु’ नावाचा मुलगा होतो. आपल्या कथेकरीबुवांकडून मकरध्वजाचे आख्यान ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे पात्र ओळखता येईल.

अहिरावण-महिरावणाचे आख्यानही तेथे ‘मैयराप’ या नावाने आहे. पाताळातला मैयराप रामाला पळवून नेणार हे कळताच हनुमान आपला देह अवाढव्य वाढवितो आणि रामाचा सबंध मंडप स्वतःच्या तोंडात धरून रात्रभर पहारा देतो. त्या ओवरीतील हे चित्र फार प्रसिद्ध आहे. राजे, राण्या व देव यांच्या अंगावर खऱ्या सोन्याचा वर्ख आहे. पण कडेकोपऱ्यांत चित्रकारांनी साधी माणसेही रंगविली आहेत : स्वयंपाक करणारी, खेळणारी, थट्टामस्करी करणारी. त्यामुळे पाहणाऱ्याला ही आपल्यातलीच गोष्ट वाटते.

ओवरीच्या दारांवर राक्षसांचा पहारा आहे. सहा दारांशी दोन दोन, असे एकूण बारा उंच यक्ष हातात गदा घेऊन उभे आहेत. त्यात स्वतः थोत्सकानही आहे. रामाचा वैरी बुद्धाच्या दारी राखणदार म्हणून उभा! कथेत हरलेल्यालाही देवळात काम मिळते, ही कल्पना मला तरी मोठी आवडली.

भिंत कशी तयार करीत

आपल्या गावच्या गवंड्यांना व रंगाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून थाई चित्रकारांची जुनी रीत थोडी विस्ताराने देतो. ती वाचताना हे सारे सामान आपल्याच परसातले आहे असे वाटल्यावाचून राहणार नाही.

भिंत विटांची. तिच्यावर चुन्याचा गिलावा. चुना पुष्कळ दिवस भिजवून मुरवीत आणि त्यात उसाचा गोड पाक व चामड्याची खळ घालीत. आपल्याकडेही वाडे बांधताना चुना घाणीत मळून त्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालीत असत.

ओल्या चुन्यावर रंग लावला तर चुन्याचा खार रंग खातो. म्हणून गिलावा वाळल्यावर कासोदाचा पाला कुटून त्याच्या पाण्याने भिंत काही दिवस धुवीत. खार गेला की नाही हे ओळखण्यासाठी हळकुंड घेऊन भिंतीवर ओढीत. हळदीची रेघ तांबडी झाली तर खार बाकी आहे असे समजावयाचे व पुन्हा धुवावयाचे. रेघ पिवळीच राहिली की भिंत तयार. हळदीला चुना लागला की कुंकू होते, हे आपल्या घराघरांतील बायकांना ठाऊक आहे. तीच परीक्षा तिकडच्या कारागिरांनी भिंतीला लावली.

नंतर पांढरी माती चिंचोक्यांच्या खळीत कालवून तिचा पातळ थर देत व तो घोटून गुळगुळीत करीत. रंग कवठाच्या डिंकात खलीत. सोन्याचा वर्ख चिकटविण्यासाठी उंबराच्या जातीच्या झाडाचा चीक वापरीत. आणि जाड कामाचे कुंचले केवड्याच्या मुळ्या ठेचून तयार करीत. हळद, चिंचोका, कवठ, उंबर, केवडा. यातील कोणती वस्तू आपल्या शिवारात मिळत नाही?

या रीतीत एक गुण आहे आणि एक उणीव आहे. गुण असा की रंग कोमल दिसतो आणि भिंत श्वास घेते. उणीव अशी की रंग कोरड्या भिंतीवर वरवर बसलेला असतो, चुन्यात मुरलेला नसतो. ओल आली की तो सुटतो.

आणि बँकॉकला ओलीचा काय तोटा! शहर चाओ फ्राया नदीच्या काठी, सखल जमिनीवर. पावसाळा दांडगा. जमिनीतले पाणी विटांतून वर चढते, येताना क्षार आणते. पाणी वाळते, क्षार मागे राहतो, त्याचे खडे होतात आणि ते गिलाव्याला आतून ढकलतात. मग आधी खालच्या बाजूचे पापुद्रे सुटतात आणि हळूहळू ओल वर सरकते. दिवाळीला रंगविलेल्या आपल्या घरांच्या भिंती पुढच्या भाद्रपदात खालून फुगतात त्याचे कारण हेच. छप्पर कितीही घट्ट असले तरी या ओलीला अडविता येत नाही, कारण ती वरून येत नाही, पायातून येते.

पन्नास पन्नास वर्षांचा नेम

अशा भिंतीवरची चित्रे दोनशे वर्षे टिकली कशी? याचे सरळ उत्तर असे की, ती टिकली नाहीत. ती पुनःपुन्हा करावी लागली. या हकीकतीचे सारे मर्म येथेच आहे.

पहिली चित्रे पहिल्या रामाच्या कारकिर्दीत निघाली. राजधानीला ५० वर्षे झाली त्या सुमारास, म्हणजे १८३२ च्या आगेमागे, तिसऱ्या रामाने मंदिराची मोठी दुरुस्ती केली व तीत ओवरीचीही डागडुजी झाली.

चौथ्या रामाच्या काळात (१८५१ ते १८६८) आवारात नवे बांधकाम निघाले आणि जागा कमी पडू लागली. तेव्हा ओवरी पूर्वेकडे पुढे सरकविण्यात आली. मंदिराच्या पूर्वेस आठ उंच मनोरे एका ओळीत आहेत. त्यांपैकी सहा ओवरीच्या बाहेर आणि दोन आत आहेत. नवखा माणूस हे पाहून बुचकळ्यात पडतो. मनोरे आपल्या जागीच आहेत, ओवरी तेवढी पुढे आली आहे. जुन्या बांधकामातील अशा विसंगती म्हणजे इतिहासाच्या खुणा असतात. त्या सरळ करण्याच्या नादात पुसून टाकू नयेत.

चौथा राम वारला तेव्हा काम अर्धेच राहिले होते. पाचवा राम, म्हणजे राजा चुलालोंगकोर्न, याने राजधानीच्या शताब्दीपूर्वी ते पुरे करण्याचे मनावर घेतले. त्याने आपल्या भावांना बोलावून कामाची वाटणी केली. एकाने हे पाहावयाचे, दुसऱ्याने ते. प्रत्येकावर ठरलेल्या कामाची जबाबदारी टाकली आणि १८८२ च्या शताब्दीला मंदिर तयार झाले. देवळाच्या कामात ‘सर्वांचे काम ते कोणाचेच नाही’ असे होऊ नये यासाठी हा उपाय कोणत्याही गावाने ध्यानात ठेवावा.

चुलालोंगकोर्न राजाच्याच काळात आणखी एक मोठे काम झाले. चित्रांच्या प्रत्येक खणासाठी २८ कडवी रचून घेण्यात आली. १७८ खणांची मिळून ४,९८४ कडवी झाली. ती संगमरवरी पाट्यांवर कोरून चित्रांसमोरच्या खांबांवर बसविली. रचना करणाऱ्यांत राजपुत्र होते, भिक्षू होते, दरबारातील अधिकारी होते, आणि राजाने स्वतःही ८ खणांची २२४ कडवी रचली. चित्र उडाले तरी तेथे कोणता प्रसंग होता हे समोरच्या दगडावर वाचावयास मिळते.

तहसील कचेरीत लिपिक म्हणून काम करताना मी अनेक जुनी दप्तरे हाताळली आहेत. नोंद असली की पन्नास वर्षांनीही हक्क शाबीत होतो, आणि नोंद नसली की डोळ्यांदेखत असलेली विहीरही वादात पडते. त्यामुळे या संगमरवरी पाट्यांचे मोल मला फार वाटते. एका अर्थी ते त्या ओवरीचे दप्तरच आहे.

यानंतरची खेप १९३२ ची. राजधानीला १५० वर्षे होत होती. सातवा राम गादीवर होता. जगभर मंदीचा काळ, सरकारी तिजोरीला ओढ लागलेली. तरीही राजाचे स्वतःचे द्रव्य, सरकारचा पैसा आणि लोकांच्या वर्गण्या यांतून काम पार पडले. राजपुत्र नरिस यांच्या देखरेखीखाली हे काम चालले. ते स्वतः मोठे कलावंत होते. ओवरीची चित्रे तोवर इतकी खराब झाली होती की ती सर्व नव्याने काढावी लागली. फ्रा थेवाफिनिम्मित या चित्रकाराच्या पुढारीपणाखाली अनेक कारागिरांनी ती काढली. आज तेथे जी चित्रे दिसतात, ती बव्हंशी या खेपेची. त्यांत जवळचे मोठे, दूरचे लहान, आकाशात ढग, असे पाश्चात्त्य वळणही शिरले आहे. एप्रिल १९३२ मध्ये उत्सव झाला आणि लगेच त्या जून महिन्यात देशात राज्यक्रांती होऊन राजाची अनियंत्रित सत्ता संपुष्टात आली. राज्य चालविण्याची रीत बदलली, पण ओवरी दुरुस्त करण्याची रीत बदलली नाही.

कारण पुढचीही पन्नास वर्षे भरली, आणि १९८२ मध्ये द्विशताब्दीच्या निमित्ताने राजवाडा व मंदिर यांचा पुन्हा जीर्णोद्धार झाला. या वेळच्या कामाचे अध्यक्षपद राजकन्या महाचक्री सिरिंधोर्न यांनी सांभाळले. त्यांनी पाली व संस्कृत भाषांचा रीतसर अभ्यास केलेला आहे. भारत सरकारने २०१७ मध्ये त्यांना ‘पद्मभूषण’ देऊन गौरविले. या खेपेसही सरकारी पैशाला लोकांच्या देणग्यांची जोड मिळाली. त्यानंतरही काम थांबलेले नाही. भिंतीसमोर बैठक मांडून बारीक कुंचल्याने एखादा खण दुरुस्त करीत असलेले कारागीर तेथे जाणाऱ्या यात्रेकरूंना एरवीही दिसतात. राजधानीची २५० वर्षे २०३२ मध्ये पूर्ण होतील.

मग जुने काय उरले?

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. पहिल्या रामाच्या कारागिरांनी ओढलेली रेघ आज त्या भिंतीवर दिसत नाही. तिच्यावर दुसऱ्यांनी रंगविले, त्यांच्यावर तिसऱ्यांनी. मग याला जीर्णोद्धार म्हणावयाचे की जुन्याचा नाश?

दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे आहे. एक पक्ष म्हणतो, देऊळ हे चालते बोलते आहे, भक्ताला कथा स्पष्ट दिसली पाहिजे, अर्धवट उडालेला राम भिंतीवर ठेवून काय करावयाचे? दुसरा पक्ष म्हणतो, जुन्या कारागिराचा हात एकदा पुसला की तो परत मिळत नाही, म्हणून आहे तेवढे जपावे आणि नवे वेगळे ओळखू येईल असे ठेवावे. जगभरच्या जाणकारांचा कल आज दुसऱ्या पक्षाकडे अधिक आहे. माझेही मत असे की, जे सांभाळता येण्यासारखे आहे ते आधी सांभाळावे, आणि जे खरोखरच गेले आहे तेच नव्याने करावे. १९३२ साली नव्याने काढण्याची पाळी आली, कारण मधल्या वर्षांत ओलीने आपले काम केले होते. वेळच्या वेळी लहान दुरुस्ती झाली नाही म्हणजे शेवटी मोठी करावी लागते, आणि मोठ्या दुरुस्तीत जुने जाते.

तरीसुद्धा त्या ओवरीत काही तरी अखंड राहिले आहे, हेही तितकेच खरे. तीच वाट, तीच उजवी फेरी, तेच १७८ खण, तीच कथा आणि तोच नेम. नातवंडांनी आजोबांचे काम पुन्हा हाती घ्यावयाचे, हा तो नेम. भिंत पडते, रंग उडतो. नेम पाळला तर देऊळ राहते.

आपल्यासाठी चार गोष्टी

या हकीकतीवरून ग्रामस्थांपुढे व देवस्थान समितीपुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली, रंगाआधी ओल पाहावी. जुन्या चुन्याच्या व दगडी भिंतींवर सिमेंटचा जाड गिलावा किंवा तेलाचा रंग चढविला की ओल आत कोंडते आणि दगड-विटा आतून कुजतात. दिसावयास दोन वर्षे झकास दिसते, पुढे पापुद्रे निघतात. छपराचे पाणी पायापासून दूर नेणारे गटार हा सर्वांत स्वस्त जीर्णोद्धार होय.

दुसरी, नोंद ठेवावी. काम सुरू होण्यापूर्वीचे फोटो, मोजमापे, कोणता दगड कोठून निघाला व कोठे बसविला, कोणते साहित्य वापरले, हे सारे एका वहीत लिहून तिची एक प्रत देवस्थानच्या दप्तरात व एक प्रत शाळेत ठेवावी. ज्यांच्या देणग्यांनी काम झाले त्यांची नावे तीत असावीतच, पण गवंडी, सुतार, पाथरवट व पाणी वाहणाऱ्या बाया यांचीही असावीत.

तिसरी, कामाची वाटणी करावी. शिखर, सभामंडप, ओवरी, पाण्याची सोय, प्रत्येकाची जबाबदारी आळीवार किंवा घराण्यावार ठरवून द्यावी. राजाला आपल्या भावांना कामाला लावताना संकोच वाटला नाही, आपणांस का वाटावा?

चौथी सूचना देणगीदारांसाठी. बांधकामाला पैसा मिळतो, देखभालीला मिळत नाही, असा सार्वत्रिक अनुभव आहे. कळसाला देणगी देणारे पुष्कळ असतात, कौले चाळून देण्यासाठी कोणी पुढे येत नाही. म्हणून जमलेल्या रकमेचा काही भाग मुदत ठेवीत ठेवून त्याच्या व्याजातून दर वर्षी पावसाळ्यापूर्वी छप्पर व पावसाळ्यानंतर भिंती तपासाव्यात. देणगीची पावती आज मिळते, तिचा खरा उपयोग वीस वर्षांनी दिसतो.

जीर्णोद्धार म्हणजे एकदाचे काम उरकून टाकणे नव्हे. तिकडे पाच-सहा पिढ्यांनी तो आपापल्या वाट्याचा केला, आणि पुढची पिढी २०३२ ची वाट पाहत आहे. आपल्या गावानेही आपला पुढचा हप्ता आजच ठरवून ठेवावा, आणि तो कोणी भरावयाचा हे आज ओवरीत खेळणाऱ्या मुलांच्या कानावर घालावे, एवढीच विनंती.